आव्वाचा हात

गाडी हलली तेव्हा आव्वानं, माझ्या आईनं, दोन्ही हात पदराखाली घेतले. माझी धाकटी बहीण काशी, आठ वर्षांची, तिच्या मांडीवर अर्धवट झोपेत होती. रस्ता खड्ड्यांचा, बैल नवखे. पोरीला धरायला हवं होतं. आव्वानं धरलं नाही. काशीचं डोकं गाडीच्या फळीवर आपटायला लागलं तेव्हा मी सरकून ते माझ्या मांडीवर घेतलं. आव्वानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान वळवली.

आप्पा दुकानाच्या पायरीवर उभे होते. "चार दिवसांत येतो," एवढंच ते आव्वाला म्हणाले होते. गाडी वेशीकडं वळली तसे ते चार पावलं मागून चालत आले आणि मला म्हणाले, "गौरा, रंग बघत जा." मी मान हलवली. मग ते परत फिरले. भर दुपारी दुकानाच्या फळ्या लावल्याचा आवाज वळणापर्यंत येत राहिला.

ही गोष्ट नळदुर्गची, निजामाच्या राजवटीच्या शेवटच्या वर्षातली. शिवरात्र तोंडावर आली होती. त्या वर्षी आमच्या पेठेतली बरीच घरं गाड्या जुंपून नाक्यापलीकडं सोलापुरात आली. नाक्याच्या अलीकडं मोगलाई, पलीकडं नुकता स्वतंत्र झालेला मुलूख. जे इकडं येऊन इथंच राहिले ते अजून लग्नाकार्यात भेटले की त्या दिवसांचं बोलतात. कुणी रझाकारांच्या भीतीनं आलेलं, कुणाचं दुकान फोडलं म्हणून आलेलं. "तुमचं कसं झालं?" असं विचारलं की मीही म्हणते, "भीतीनंच की." आव्वाला विचारलं तर ती म्हणते, "पोरीच्या दुखण्यापायी." दोन्ही तसं खोटं नाही. पण आमची गाडी जुंपली गेली ती माझ्यामुळं, आणि ते मी पंचवीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. जे तिकडं राहिले आणि जे इकडं आले, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. खरं तर एकीसाठीच. तिला वाचता येत नाही.

आमचं किराणा दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, त्याच्या मागं गोठा. मी थोरली, काशी धाकटी. मधली दोन गेली. काशी सात वर्षांची असताना पाणी पाणी करायला लागली. तांब्या संपवायची आणि पुन्हा रांजणाकडं जायची. खायची दोन माणसांचं आणि हातापायाच्या काड्या होत चाललेल्या. आव्वाला वाटायचं दृष्ट लागली. आप्पांनी ओळखलं, तेही दुकानदार म्हणून. काशी जिथं लघवीला बसायची तिथं मुंग्यांची रांग लागलेली त्यांनी बघितली आणि म्हणाले, "हितं गोड सांडल्यालं न्हाय. मग मुंग्या कशाच्या?"

सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मधुमेह. आप्पांचा विश्वास बसेना. हे दुखणं म्हाताऱ्या सावकारांचं, पोरीला कुठनं? पेठेतल्या बायकांना मात्र लगेच पटलं. "किराणावाल्याची पोर, गुळाची ढेप पोखरून खाल्ली असंल," असं पाणवठ्यावर आव्वाला ऐकवलं गेलं. घरी येऊन तिनं दुकानातली ढेप उचलून माळ्यावर नेली आणि आप्पांनी ती गुपचूप परत खाली आणली. गूळ न विकणारं किराणा दुकान कुणी बघितलंय?

डॉक्टर म्हातारे, कानडी बोलणारे. आव्वाचं माहेर कर्नाटकाकडचं, तिला मराठीपेक्षा कानडी जवळची. त्यांनी तिला समोर बसवून सुई शिकवली. काचेची पिचकारी, तिच्यावर बारीक खुणा, रोज सकाळी जेवणाआधी मांडीत टोचायची. इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून गाडग्यात ठेवायची, गाडगं वाळूत. लघवी तपासायच्या नळीचं काम माझ्याकडं दिलं. निळं औषध खुणेपर्यंत घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. मग पिवळं, नारिंगी, आणि शेवटी विटेसारखं लाल. तिथल्या एका नर्सबाईंनी मला हे तीनदा करायला लावलं. थेंब मोजताना माझ्या हातून एकही सांडला नाही, तेव्हा त्या आप्पांना म्हणाल्या, "हिचा हात चांगला आहे हं."

मी चौदा वर्षांची होते. माझ्या हाताला तोवर कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. वाईटही म्हटलं नव्हतं. त्याबद्दल कुणी काही म्हणावं असं ते काही नव्हतंच.

आमच्या घरात रोज लिंगपूजा. जिथं देवाला भस्म लावायचं त्या घरात लघवी उकळायची नाही, असं आव्वानं पहिल्या दिवशीच ठरवलं. म्हणून माझी जागा गोठ्यात. गव्हाणीच्या वरच्या कोनाड्यात दिवा, नळी, चिमटा, निळी बाटली. म्हशीकडं पाठ करून वारा अडवायचा आणि नळी हलवत राहायची. एवढ्यात घरातून आप्पांचा आवाज यायचा, "रंग काय?"

या दोन शब्दांवर आमचं घर चालायचं. निळा म्हटलं की आव्वा भाकरी थापताना गुणगुणायची, आप्पा गिऱ्हाइकाची थट्टा करायचे. लाल म्हटलं की आप्पा जेवताना मान वर करत नसत आणि आव्वा अर्धी भाकरी ठेवून उठायची. काशीला कुणी एक शब्द बोलत नसे. ते जास्त वाईट होतं. ती गोठ्यात येऊन म्हशीच्या पोटाला टेकून उभी राहायची, मला विचारायची, "अक्का, मी आज निळी का लाल?" 'नळी निळी का' असं ती कधी विचारत नसे. मीच निळी का, मीच लाल का. एकदा लाल आलं तेव्हा तिनं माझ्या परकराचा काठ धरला आणि म्हणाली, "आजच्या दिवस मला निळी म्हण ना. आव्वा आज जेवंल तरी."

मी म्हटलं नाही. डॉक्टरांनी खरं सांगायला सांगितलंय, असं तिला सुनावलं आणि आप्पांना ओरडून सांगितलं, "लाल!"

हे मुद्दाम लिहिते आहे. तिच्यासाठी मला एक दिवस खोटं बोलता आलं नाही.

मला त्या दिवसांत काय वाटायचं ते कुणाला सांगितलं तर खुळचटपणा वाटेल. घरात सगळे माझ्याशी बोलायचे आणि माझ्याशी कुणीच बोलायचं नाही. सकाळी माझ्या तोंडून एक रंग मागितला जायचा, तो दिला की माझं काम संपलं. अंगात कणकण असली तरी कुणाच्या लक्षात येत नसे. मी सोलापूरचा विचार करत बसायची. औषध आणायला आप्पांबरोबर मी दोनदा तिथं जाऊन आले होते. भिंतीतून येणारं नळाचं पाणी, दप्तर घेऊन चाललेल्या माझ्याएवढ्या मुली, आणि मला नावानं ओळखणाऱ्या त्या नर्सबाई. "ये गौरा, नळी विसरली नाहीस ना?" असं त्यांनी दुसऱ्या खेपेला विचारलं होतं. ते वाक्य मी परतीच्या वाटेवर मनात म्हणत आले.

मग तो हिवाळा आला. समोरचं घर एका सकाळी कुलूप लावून गेलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या शेजारचं. संध्याकाळी पेठ लवकर बंद व्हायला लागली, सोलापूरच्या मोटारी बंद झाल्या. आव्वा म्हणायची, "अवो, आपुन बी जाऊ की. पोरी हायत पदरात." आप्पा म्हणायचे, "म्या कुणाचं काय वाईट केलंय? दुकान उघडं हाय तवर गाव हाय." भीती मलाही होती, नाही असं नाही. पण सोलापूरचं नाव निघालं की मला भिंतीतला नळ आणि नर्सबाई आठवायच्या.

डॉक्टरांनी दिलेला एक कागद होता. मराठीत लिहिलेला, म्हणून तो माझ्या ताब्यात. त्यात शेवटी होतं: लाल रंग सलग चार दिवस राहिला तर मुलीला घेऊन या.

पहिल्या सकाळी मी खरी नळी उकळली. निळी आली, स्वच्छ. ती मी शेणाच्या उकिरड्यात ओतली. दुसऱ्या नळीत साखरेचे चार दाणे टाकले आणि उकळलं. रंग हलला नाही. माझी पुरती फजिती झाली होती. मला वाटलं देवच आडवा आला. मग दुकानात जाऊन ढेपेचा खडा फोडला, पाण्यात विरघळवला आणि त्याचे थेंब टाकले. आधी कडेनं हिरवं, मग पिवळं, मग बघता बघता नळीभर वीट. साखरेनं होत नाही आणि गुळानं का होतं, हे मला पुढं बऱ्याच वर्षांनी दवाखान्याच्या कामात कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की होतं.

"रंग काय?"

"लाल."

तीन सकाळी मी हे केलं. चौथ्या सकाळी निघायचं, असा माझा हिशेब. सोलापूरला गेलो की डॉक्टर बघतील, चार दिवस ठेवून घेतील, तोवर आव्वा आप्पांचं मन वळवील. कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

आता इथं मी पंचवीस वर्षं स्वतःला एक सांगत आले आहे. ते असं, की डॉक्टरांनी सुईचा नियम आव्वाला कानडीत सांगितला होता, तेव्हा मी आतल्या खोलीत नळी शिकत होते. लाल आलं तर दोन खुणा वाढवायच्या, निळं आलं तर वाढवायच्या नाहीत, हे तिला माहीत, मला नाही. कागदावर ते लिहिलेलं नव्हतं. मी पोर होते, मला काय कळणार. असं बरंच.

मला माहीत होतं. वर्षभर रोज मी रंग सांगत होते आणि रोज आव्वाला सुई भरताना बघत होते. लाल म्हटलं की ती दट्ट्या जरा जास्त मागं ओढायची. उजेडाकडं पिचकारी धरून, एक डोळा मिटून, ओठांनी खुणा मोजायची, कानडीत. ओंदु, एरडु. मी बघितलं होतं. तरी मनाशी म्हणाले, तीन दिवसांनी काय होतंय.

दुसऱ्या दिवशी काशी दुपारभर भूक भूक करत होती. तिची भाकरी मापून, अर्धी. "अक्का, लई भूक लागलीया गं," म्हणत माझ्या मागं फिरत होती. मी म्हणाले, "गप बस. उद्या-परवा सोलापूरला जायचंय."

तिसऱ्या दिवशी दिवस कासराभर वर आला होता. आव्वा भाकरी थापत होती, काशी उंबऱ्यावर बसली होती. तिचं पोलकं पाठीला चिकटलेलं मला दिसलं. हवेत गारवा होता. मी हाक मारली तर तिनं माझ्याकडं बघून मला आव्वा म्हटलं. मग काहीतरी पुटपुटली आणि कुशीवर पडली, आणि तिचे हातपाय झटके द्यायला लागले.

आव्वा पिठाच्या हातांनी धावली. घाम फुटला तर गोड द्या, हे डॉक्टरांनी सांगितलेलं तिला पाठ होतं. "गूळ आणा, अवो, गूळ," ती ओरडली. आप्पांनी दुकानातून खडा आणला. त्याच ढेपेचा. आव्वानं तो बोटानं काशीच्या गालात चोळला, पुन्हा चोळला. तिच्या दातांनी आव्वाचं बोट फुटलं, रक्त आलं, तरी ती चोळत राहिली. किती वेळ गेला सांगता येत नाही. भाकरी तव्यावर जळून काळी झाली तेवढा.

काशीनं डोळे उघडले. मला शोधलं आणि विचारलं, "मी कसली आले?"

आप्पा खाली बसले. मग त्यांनी आव्वाला विचारलं, "किती भरलं हुतं?"

आव्वानं पिचकारी आणून अंगठ्याच्या नखानं खूण दाखवली. रोजच्यापेक्षा सहा जास्त. तीन दिवस लाल, रोज दोन. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच.

आप्पांनी विचार केला. ते हुशार होते. पोरीच्या अंगात एवढी साखर असताना सहा खुणांनी असं व्हायचं नाही. नळी लाल होती, म्हणजे चूक नळीची नव्हती. उरली सुई. ते अजिबात रागावले नाहीत. ओरडले असते तर आव्वा उलटून भांडली असती. ते हळू म्हणाले, "तुजा हात चुकला असंल. डोळं कुठं नीट हायत तुजं."

मी गोठ्याच्या दारात उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. आव्वानं आपला उजवा हात पालथा केला, उताणा केला. पीठ, गूळ, रक्त. ती म्हणाली, "असंल."

मी आत वळले आणि नळी धुवायला घेतली.

त्याच दुपारी गाडी जुंपली. गावात डॉक्टर नाही, वाट उद्या राहील न राहील, तुम्ही पुढं व्हा, असं आप्पा म्हणाले. मला जे हवं होतं ते ठरल्यापेक्षा एक दिवस आधी मिळालं.

नाक्यावर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायानं गाडी थांबवली. माझ्या मांडीवरच्या गाडग्यात हात घालून ओलं फडकं उलगडलं, बाटली आणि पिचकारीची डबी बाहेर काढली. "ये क्या है?" आव्वाचे हात पदराखालीच. मी म्हणाले, "दवा है. बच्ची की." त्यानं काशीचं तोंड बघितलं, तिच्या गालावर गुळाचा ओघळ सुकलेला. डबी त्यानं होती तशी मिटून फडक्यात ठेवली, फडकं नीट गुंडाळलं आणि म्हणाला, "जा अम्मा, जल्दी जा." तो आव्वाला म्हणाला होता. तिनं वर बघितलं नाही.

सोलापुरात डॉक्टरांनी काशीची नळी स्वतः उकळली. जरा हिरवी आली. त्यांनी आव्वाला विचारलं काय झालं. ती त्यांना कानडीत म्हणाली, माझा हात चुकला. दोन दिवसांत ते तिचं झालं होतं. 'असंल' गळून पडलं होतं. डॉक्टर माझ्याकडं वळले. "नळी तू बघतेस ना? रंग लालच होता?"

"होय," मी म्हणाले.

पुढं त्यांनी सुईही माझ्याकडं दिली. आव्वानं ती पुन्हा कधी हातात घेतली नाही.

आम्ही विणकरांच्या वस्तीत एका खोलीत राहिलो. दिवसभर भिंतीपलीकडं मागाचा खटका. आव्वा कांड्या भरायला, म्हणजे त्यांवर सूत गुंडाळायला, जाई. त्या कामात मापायचं काही नसतं, सूत संपलं की कांडी भरली. पुढं राजवट गेली, वाटा मोकळ्या झाल्या आणि आप्पा आले. दुकान फुटलं होतं, माणूस शाबूत होता. दारात उभे राहून त्यांनी पहिला शब्द काढला तो, "रंग काय?" काशी म्हणाली, "निळी हाय मी." तेव्हा ते रडले. मी त्यांना रडताना तेवढंच बघितलं.

ते तिघं परत गेले. नर्सबाईंनी मला दवाखान्यात नळ्या धुवायच्या कामावर लावून घेतलं होतं, मी राहिले. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिचा हात चांगला हाय."

आज मी त्याच कामात आहे. नळ्या धुणारी होते, आता तपासणारी झाले. औषध उकळावं लागत नाही. गोळी टाकली की नळी आपोआप फसफसते. कागदाची पट्टीही निघाली आहे, बुडवायची आणि रंग बघायचा. माझी एक खोली आहे. नळ आहे, भिंतीतून येणारा. लग्नाचं दोन-तीनदा निघालं. बहिणीला हे दुखणं म्हटल्यावर माणसं उठून गेली, आणि मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं झालं. कुणी जवळ आलं असतं तर एखाद्या दिवशी सांगून बसले असते. नळदुर्ग इथून एस.टी.नं दीड तास. त्या वेळी बैलगाडीनं आम्हाला दोन दिवस लागले होते. दीड तासाच्या वाटेवर मी वर्षातून एकदा जाते, तेही संध्याकाळची गाडी धरून परत येते. इथले लोक विचारतात, "गाव इतकं जवळ, मग जात का नाही?" मी म्हणते, रजा मिळत नाही.

काशी शिवणाचे वर्ग चालवते. आपली सुई आपण घेते. दर महिन्याला तिचं कार्ड येतं, पाच ओळींचं. आव्वा बरी आहे. म्हैस व्याली. पाऊस नाही. शेवटची ओळ नेहमीची: मी निळी आहे. मला हसू यावं म्हणून ती लिहिते. मी ते कार्ड वाचून पालथं ठेवते.

आणि आव्वा. तिला मोतीबिंदू झालाय, पण मी सांगते आहे ते डोळ्यांचं नाही. गेल्या पंचवीस वर्षांत तिनं भाजीत मीठ घातलेलं नाही. सगळं करते, चिरते, फोडणी देते, आणि मग हाक मारते, "काशी, मीठ टाकून जा." पाहुण्यांना वाटतं म्हातारीची खोड. पूजेला बसली की लिंग डाव्या तळहातावर घेते, आणि उजव्या हातानं भस्म लावायच्या आधी तो हात तांब्यातल्या पाण्यात धरून ठेवते. पूर्वी नुसता बुडवायची. आता इतका वेळ धरते की काशी तोवर अंगण झाडून येते.

आप्पा वारले तेव्हा मी सांगायचं ठरवून गेले होते. माणसं पांगल्यावर आव्वाजवळ बसले. तीच बोलली. "त्येंनी कधी बोलून दावलं न्हाय बघ. माज्या हातानं पोर जात हुती, पर येका शब्दानं पुन्ना काडलं न्हाय." ती हे कौतुकानं सांगत होती. मी तिचे पाय चेपले आणि संध्याकाळची गाडी धरली.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात एक बाई आली, तुळजापूरकडची. नऊ वर्षांच्या लेकीला सकाळी घाम फुटून झटके आले होते. पोर आत झोपलेली, बाई माझ्या टेबलासमोर उभी. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "माज्याच हातानं जास्त गेलं असंल, बाई." आणि उजवा हात पदराखाली घेतला.

मी तिला म्हणाले, "आधी मला सांगा, नळी कोण बघतं?" ती म्हणाली, मीच बघते, दुसरं कोण बघणार. घरात दुसरं कुणी नव्हतंच. चूक कशाची होती कुणास ठाऊक, कदाचित पोरीनं सकाळी खाल्लं नसेल. मी नळ्या उचलून मोरीवर गेले आणि धुतलेल्याच पुन्हा धुतल्या.

म्हणून हे. तोंडानं सांगायला गेले की आव्वा काहीतरी बोलते, आणि ती बोलली की माझं राहून जातं. कागद असला की तो शेवटपर्यंत वाचावा लागतो. रविवारच्या पहिल्या गाडीनं हा कागद घेऊन येते आहे, मीच वाचून दाखवीन. काशी, तू जवळ बस. तुझंही देणं यात आहे: दुपारभर भूक भूक म्हणत होतीस, आणि मी तुला गप बस म्हणाले. तू मला काय म्हणायचं ते नंतर म्हण. आधी तिला ऐकू दे.

आव्वा, तू सुई उजेडाकडं धरून मोजलंस ते बरोबर होतं. तिन्ही दिवस. तू डॉक्टरांचं ऐकलंस आणि तू माझं ऐकलंस. तुझा हात चुकला नव्हता. माझा चुकला, ज्याला सगळे चांगला म्हणतात तो.

घर कुठलं असं आता कुणी विचारलं तर मी नळदुर्ग सांगते, पण मी मनात बघते ते दुकान नसतं, पेठही नसते. चुलीपुढं बसलेली आव्वा असते, आणि फोडणी देऊन झाल्यावर तिचा थांबलेला हात. त्या हातापाशी मी पंचवीस वर्षं दाराबाहेर उभी आहे. तुम्ही मला आत घ्या असं मी म्हणत नाही. रविवारी भाजी शिजेल तेव्हा आव्वा हाक मारील, काशी, मीठ टाकून जा. काशी, तू उठू नकोस. मीही उठणार नाही. मिठाचा डबा मी उघडून तिच्या उजव्या हाताशी ठेवीन, आणि त्या दिवशी संध्याकाळची गाडी धरणार नाही.